सायलेन्सर गेला तेव्हा कूलर चालू होता

गेल्या मे महिन्यातली गोष्ट, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या दोन-तीन दिवस आधीची. सकाळी सव्वासहाला बाबांनी गाडीला चावी मारली आणि मी झोपेतून सरळ उठून बसलो, मला वाटलं कंपाउंडला लागूनच कोणी ट्रॅक्टर सुरू केला. खिडकीतून पाहतो तर आमचीच मारुती ईको व्हॅन, आणि बाबा आत बसून ऍक्सिलरेटर अजून दाबून पाहून राहिले होते, की आवाज आपोआप जातो का. समोरचे काका बनियनवर बाहेर आले, बाजूच्या काकू बादली हातात घेऊन थांबल्या, गल्लीतली झाडून सगळी कुत्री भुंकायला लागली. हीच कुत्री रात्री कुठे होती हा प्रश्न मी त्यांना आजही विचारतो.

खाली वाकून पाहिलं तर गाडीच्या पोटाखाली नुसती रिकामी जागा. इंजिनकडून येणारा पाइप एका ठिकाणी संपला होता, तिथे काजळीची गोल रिंग, आणि बाजूला दोन बोल्टांचे आटे एकदम चकचकीत, जसे काही आत्ताच तेल लावून खोलले. सायलेन्सर लटकवायचे रबर मात्र जागेवरच, ते सुद्धा न फाटता. म्हणजे माणूस घाईत नव्हता. जमिनीवर एक अर्धवट जळालेली विडी आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा होता, पाठीखाली घ्यायला आणलेला असेल. पुठ्ठा आमच्याच द्रोण-पत्रावळीच्या खोक्याचा निघाला, गेटाबाहेर कचऱ्याला ठेवला होता तो. बाबांना सायलेन्सरपेक्षा ह्याचाच जास्त राग आला.

थोडं सांगतो, बाबांचा नागपुरात इतवारीत द्रोण-पत्रावळीचा होलसेलचा धंदा आहे, त्यासाठी २०१८ पासून ही पांढरी ईको आहे. मी मिहानला जॉब करतो, घर बेसा साइडला, लेआउटमधलं. गेटाच्या आत एकच गाडी मावते आणि ती माझी हॅचबॅक मावते, कारण तिचं लोन चालू आहे. ईको बाहेर, कडुलिंबाखाली. सात वर्षं तिथेच लागत होती, काही झालं नाही, म्हणून काही होणार नाही असं आम्ही धरून चाललो.

आणि आवाज का नाही आला? तर नागपूरबाहेरच्यांना सांगतो, मे महिन्यात आमच्याकडे रात्री दुसरा कुठलाच आवाज ऐकू येत नाही. प्रत्येक खिडकीला पत्र्याचा मोठा कूलर, त्याचा पंखा विमानासारखा घुरघुरतो, आत पंप टपटप करतो, आणि आपण खिडक्या लावून त्याच्यासमोर मेल्यासारखे झोपलेले. बाहेर कोणी ढोल वाजवला तरी कळणार नाही, पान्याचा खडखडाट कुठून कळणार. चोराचं काम खरं तर आमच्या कूलरनेच सोपं केलं. तेव्हापासून माझं मत झालंय की नागपुरात गाडी सांभाळायचा खरा सीझन एप्रिल ते जून आहे, आणि तेव्हाच आपण सगळ्यात गाफील असतो, वरून अर्धी गल्ली लग्नाला नाहीतर मामाच्या गावाला गेलेली.

मिस्त्रीला फोन केला. तो आला, वाकला, हसला. "भाऊ, तुमाले वाटते लोखंड चोरलं. लोखंड नाही जी चोरलं, माती चोरली."

ही माती म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आता इतकं माहीत झालंय की ऑफिसात लोक मला टाळतात. तर पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपात पुढच्या बाजूला एक फुगीर डबा असतो, त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला आणि मग हळूहळू सगळीकडे आला. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट असते आणि त्या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम ह्या धातूंचा अगदी पातळ थर. इंजिनातून निघालेला विषारी धूर त्या भोकांतून गेला की कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, नायट्रोजन ऑक्साइडचा नायट्रोजन होतो, न जळलेलं पेट्रोल जळून जातं, आणि एवढं करून ते धातू स्वतः खर्च होत नाहीत. म्हणजे सात वर्षं गाडी पळवल्यावर सुद्धा माल आत बराचसा तसाच. ती वीट फोडून भुगा करतात, त्यालाच धंद्यात माती म्हणतात, आणि ती माती पुढे धातू काढणाऱ्यांकडे जाते.

धातू किती असतो? काही ग्रॅम. पण त्यातला ऱ्होडियम हा प्रकार भयंकर महाग आहे. मार्च २०२१ मध्ये त्याचा भाव एका औंसाला २९,००० डॉलरच्या घरात गेला होता, तेव्हा सोनं साधारण १,७०० डॉलरला होतं, म्हणजे सोन्याच्या पंधरापटीहून जास्त. जगातला बहुतेक ऱ्होडियम एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतो, आणि युरोप, चीन, भारत सगळीकडे एकाच सुमारास धुराचे नियम कडक झाले, आपलं बीएस ६ सुद्धा १ एप्रिल २०२० चं. मागणी वाढली, खाणी तेवढ्याच. नंतर भाव पुष्कळ खाली आले, पण गल्लीतल्या चोराला हा धंदा एकदा समजला तो समजला. त्याच सुमारास गुजरात, मुंबई, पुणे इकडच्या बातम्या यायच्या की एका रात्रीत अमुक इतक्या ईकोंचे सायलेन्सर गेले. मी त्या वाचल्या होत्या. वाचून पान उलटलं होतं. ईकोच का, तर ती जमिनीपासून उंच, जॅक न लावता माणूस सरळ खाली सरकतो, आणि बहुतेक ईको आमच्यासारख्याच धंद्याच्या, रात्री रस्त्यावर उभ्या.

मिस्त्रीने अजून एक सांगितलं ते ऐकून मी खरंच हादरलो. म्हणाला, "तुमचं तरी बरं, दिसलं तरी. काही जागी अस्सल काढून रिकामा डबा लावून देतात, आवाज येत नाही, मालकाले पत्ताच नाही लागत." मग कळतं कधी, तर पीयूसीला गाडी फेल होते तेव्हा, नाहीतर डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो तेव्हा. आणि तोपर्यंत चोरी कुठे झाली, कोणत्या महिन्यात झाली, काय सांगणार तुम्ही. उलट कन्व्हर्टर नसलेली गाडी चालवली म्हणून दंड तुम्हालाच, प्रदूषणाच्या कलमाखाली तो १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून कोणी गॅरेजवाला म्हणाला की "राहू द्या कन्व्हर्टर, साधा पाइप जोडून देतो, ऍव्हरेज पण वाढते", तर त्याच्या नादी लागू नका. मला तीन जणांनी हे सांगितलं, तिसऱ्या वेळी मोह झाला होता हे कबूल करतो.

मग पोलीस ठाणं. कोणतं ते लिहीत नाही. तिथे आधी मला सांगितलं की गहाळ झाल्याचा अर्ज द्या. आता सायलेन्सर गहाळ कसा होतो? पाकीट गहाळ होतं, मार्कशीट गहाळ होते. मी पण सकाळपासून उपाशी होतो, खाली तर्री पोह्याचा वास येऊन राहिला होता, मी जवळजवळ सही करून टाकली होती. बाबांनी हात धरला. बाबा दहावी शिकलेत पण पावती आणि अर्ज ह्यातला फरक त्यांना चांगला कळतो. तर हे लक्षात ठेवा, गहाळ वेगळं आणि चोरी वेगळी, इन्शुरन्सवाला गहाळचा कागद बघून तुम्हाला परत पाठवणार. अर्जात "चोरी" हा शब्द पाहिजे, आणि वस्तूची किंमत पाहिजे. किंमत का, तर १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात चोरीचं कलम ३०३ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण माल ५,००० रुपयांच्या आतला असला तर प्रकरण अदखलपात्र होतं, म्हणजे सरळ एफआयआर होत नाही, आणि पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या चोराने माल किंवा पैसे परत दिले तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. आरसा-बिरसा गेला तर ठीक आहे, पण सायलेन्सरची किंमत कोणी अंदाजे "दोन-तीन हजार" लिहून टाकली तर घोळ होतो. आम्ही शोरूममधून कोटेशन व्हॉट्सऍपवर मागवलं, तिथेच प्रिंट काढली, दिली. मग झाली एफआयआर. आणि तक्रार आता ऑनलाइन पण करता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, हेही मला दुसऱ्या दिवशी कळलं.

इन्शुरन्सचं गणित मी इथे नीट मांडतो कारण ह्यात बहुतेक लोक गंडतात. थर्ड पार्टी असेल तर विषय संपला, चोरीचा एक पैसा मिळत नाही. पूर्ण पॉलिसी असेल तर गाडीबरोबर तिच्यावर बसवलेल्या पार्टची चोरी धरतात, पण घसारा कापतात. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला धातूच्या पार्टवर ४० टक्के, प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर ५० टक्के. झिरो डेप घेतलेलं असेल तर हे वाचतं, आमचं नव्हतं. वरून १,००० रुपये सक्तीची कपात, १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला. म्हणजे ४०,००० चा पार्ट धरला तर २४,००० आणि त्यातून १,००० गेले, हातात २३,०००. आता दुसरी बाजू, क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, शून्यावर येतो. आमचा ५० टक्क्यांवर होता, तो परत २०, २५, ३५, ४५ असं चढत ५० ला यायला पाच वर्षं. सगळ्या वर्षांचा फरक बेरीज केला तर एका वर्षाच्या ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमच्या सव्वापट नुकसान होतं. ते प्रीमियम ६,००० असेल तर साडेसात हजार. म्हणजे सायलेन्सरसाठी क्लेम करायचा, आरशासाठी नाही करायचा, बॅटरीसाठी सहसा नाही करायचा. मी हे एक्सेलमध्ये करून बाबांना दाखवलं, बाबांनी तेच पत्रावळीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने दोन मिनिटांत केलं. आणि सर्व्हेअर येऊन पाहीपर्यंत काही बदलायचं नाही, हे पण. आम्हाला त्यासाठी पाच दिवस थांबावं लागलं, पाच दिवस माल ऑटोने नेला, त्याचं भाडं कोण देणार? कोणी नाही.

बाहेरून काही विकत आणून लावलं असेल, भारी म्युझिक सिस्टीम, सीट कव्हर, असलं काही, तर ते पॉलिसीत वेगळं लिहून घ्यावं लागतं, त्याचा जादा प्रीमियम लागतो, नाहीतर गेलं तर गेलं.

आता मुद्द्याचं. गाडी वाचवायला आपण जे काही करतो ना, त्यातलं जवळपास सगळं अख्खी गाडी वाचवायला असतं. इमोबिलायझर, गिअर लॉक, स्टिअरिंगवरचा पिवळा दांडा, जीपीएस ट्रॅकर, हे सगळं गाडी पळवणाऱ्यासाठी. ज्याला गाडी नकोच आहे, फक्त तिचं एक आतडं पाहिजे, त्याला ह्याने काय फरक पडतो. कंपनीचा अलार्म सुद्धा दार किंवा बोनेट उघडलं तर वाजतो, खालून कोणी पाना लावला तर तो गप्प. माझ्या हॅचबॅकला मी फुशारकीने रिमोट अलार्म बसवलाय, त्यात शॉक सेन्सर आहे, आधी पहिल्या पावसाच्या विजेला तो वाजायचा, निंबोळी पडली की वाजायचा, शेवटी मी त्याची सेन्सिटिव्हिटी इतकी कमी केली की आता गाडीला लाथ मारली तरी काही नाही. मारून पाहिली.

सीसीटीव्ही लावला आम्ही नंतर. लावा, पण आशा ठेवू नका. पहिल्या मजल्यावर लावला तर माणसाची टोपी दिसते, आणि रात्रीच्या मोडमध्ये नंबर प्लेट पांढरीफटक चमकते, नंबर वाचताच येत नाही. खाली, छातीच्या उंचीला, तिरका लावलेला जास्त कामाचा. त्यापेक्षा मला कोणी विचारलं तर मी म्हणेन हालचालीवर पेटणारा फोकस लावा, तोही गाडीच्या वर नाही तर बुडाशी, जिथे तो झोपणार तिथे. गाडीखाली काम करणाऱ्याला अंधार पाहिजे असतो. गुरख्याचं तर बोलूच नका. तो दर तासाला शिट्टी मारत फिरतो, म्हणजे चोराला बसल्या जागी कळतं की आता तो दोन गल्ल्या पलीकडे आहे.

आम्ही प्रत्यक्षात काय केलं ते सांगतो. नवीन सायलेन्सर बसल्यावर मिस्त्रीने दोन उपाय सांगितले. पहिला, सरळ नट वेल्डिंग करून टाकू. मी नाही म्हणालो, उद्या क्लच-गिअरबॉक्सचं काम निघालं तर ते कापत बसायचं. दुसरा, डोकं तुटणारे बोल्ट, म्हणजे आवळताना ठराविक ताणाला षटकोनी डोकंच तुटून पडतं आणि मागे गुळगुळीत गोल राहतं, पाना बसत नाही. ते त्याच्याकडे नव्हते, आणायला एक आठवडा गेला. आणि त्याखाली जाळी. इथे एक गोष्ट महत्त्वाची, मिस्त्री आधी अख्खा पत्रा लावणार होता, मीच वाचून सांगितलं की तो डबा चालताना चारशे ते आठशे डिग्रीपर्यंत तापतो, पत्र्याने बंद केला तर उष्णता कोंडेल आणि वर कडुलिंबाचा पालापाचोळा अडकला तर आग लागेल. मग सळ्या लावल्या, बोटभर अंतराने, चेसिसला बोल्टने पकडलेल्या.

जाळीच्या वेल्डिंगच्या आधी मिस्त्रीच्या हाताखालच्या पोऱ्याने बॅटरीची वायर काढून ठेवली. मी विचारलं काहून, तर म्हणे "कंप्युटर जयते ना भाऊ." बरोबर आहे, वेल्डिंगचा करंट चेसिसमधून जातो आणि ईसीएम, म्हणजे गाडीचा हा कंप्युटर, उडू शकतो. सोळा-सतरा वर्षांचा असेल पोरगा, वेल्डिंगचा काळा चष्मा त्याच्या कपाळावर होता आणि एका डोळ्याच्या वर भाजल्याचा जुना डाग. सगळं झाल्यावर त्याने न सांगता सायलेन्सरच्या डब्यावर वेल्डिंग रॉडने आमच्या गाडीचे शेवटचे चार आकडे काढले, मुंग्यांच्या रांगेसारखे उठून दिसणारे. म्हणाला, आता हा कोणी कबाड्याकडे नेला तर तो घेताना दोनदा विचार करेल. सगळ्यात स्वस्त उपाय हाच होता आणि तो सुचला त्याला.

गाडी लावायची जागा पण बदलली. आता उजवी बाजू कंपाउंडच्या भिंतीला इतकी चिकटवून लावतो की बाबांना डाव्या दाराने उतरावं लागतं, आणि दुसऱ्या बाजूला बाबांनी दोन मोठ्या कुंड्या ठेवल्यात. उतरताना रोज शिव्या देतात. पण देतात आणि उतरतात.

ही सायलेन्सरची कथा लोकांना सांगायला लागलो तशा लोकांच्या कथा यायला लागल्या. माझ्या ताईची अर्टिगा आहे, तिची स्टेपनी डिक्कीत नाही, गाडीच्या खाली मागे लटकते. ती मंडळी समृद्धीने संभाजीनगरला निघाली होती, दुपारचे दोन, कारंज्याच्या आसपास टायर बसला. जावईबापू जॅक काढतात, पाना काढतात, खाली वाकतात, आणि वाकलेलेच राहतात. स्टेपनीच नाही. कधी गेली? कोणाला माहीत. मागच्या पावसाळ्यात एकदा पाहिल्याचं आठवतं म्हणे. त्यांचा संशय वर्धा रोडच्या एका लग्नाच्या लॉनवर आहे, तिथे पार्किंगवाल्या पोराने चावी ठेवून घेतली होती. पण संशय म्हणजे संशय. कॉंक्रीटच्या त्या रस्त्यावर मे मध्ये दोन लहान पोरं घेऊन तीन तास काढले त्यांनी. त्यामुळे ज्यांची स्टेपनी खाली असते त्यांनी दर वेळी हवा भरताना ती पाचवी पण भरून घ्यावी, म्हणजे आहे की नाही ते आपोआप कळतं. तिला लावायचं कुलूप मिळतं, ताईने लावलं, आता त्याची चावी कुठे ठेवली ते कोणाला आठवत नाही.

तेच अलॉय व्हीलच्या वेगळ्या नटाचं. प्रत्येक चाकाला एक नट असा लावायचा की तो त्याच्या खास टोपीनेच खुलतो. उत्तम उपाय. फक्त ती टोपी गाडीतच ठेवा आणि पंक्चरवाल्याकडून परत घेतली का ते पाहा. माझ्या ऑफिसातल्या एकाची टोपी अशीच राहिली, मग स्वतःच्याच चाकाला छिन्नी-हातोडा घेऊन बसला होता.

बॅटरीचं म्हणाल तर बोनेटखाली असते त्यांनी फार घाबरू नये, खरी अडचण छोटा हत्ती आणि ई-रिक्षावाल्यांची आहे, त्यांच्या बॅटऱ्या बाहेरून हाताला लागतात. इतवारीत आमच्याकडे माल उचलणाऱ्या एका ई-रिक्षावाल्या काकांच्या चारही बॅटऱ्या एका रात्रीत गेल्या, ह्या माणसाचं आमच्यासारखं नाही की पाच दिवस ऑटोने भागवलं, त्याची कमाईच बंद. आता तो अँगलचा पिंजरा करून त्याला साखळी बांधतो आणि रात्री रिक्षा घरात घेता येत नाही म्हणून स्वतः रिक्षात झोपतो. बॅटरीवर सिरियल नंबर असतो, वॉरंटी कार्डावर पण असतो, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "फोटोनं बॅटरी वापस येते का जी?" म्हणाले.

मारबतीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या आमच्या मिरवणुकीत, यंदा कोणीतरी सायलेन्सरचोराचा बडग्या (पुतळा) काढायला पाहिजे होता असं बाबा अजून म्हणतात, पुठ्ठा आपण फुकट देऊ. रोगराई, इडापिडा, खोकला, महागाई सगळं घेऊन जा गे मारबत म्हणतो आपण, त्यात हे एक बसलं असतं.

तर त्या पोऱ्याच्या वेल्डिंगवरून मला नाद लागला. काचेवर नंबर कोरून घेतात हे ऐकलं होतं, सरकारने २०१९ मध्ये मायक्रोडॉटच्या नियमाचा मसुदा पण काढला होता, म्हणजे डोळ्याला न दिसणारे बारीक ठिपके गाडीवर आणि पार्टवर फवारायचे, त्या प्रत्येकावर ओळख कोरलेली. ते येईल तेव्हा येईल. मी एक छोटी कोरायची मशीन ऑनलाइन मागवली, दाताच्या डॉक्टरसारखा आवाज करते, आणि एका रविवारी दोन्ही गाड्यांचं जे जे खोलता येतं त्याच्यावर आमचा नंबर टाकायला बसलो. काचा, हेडलाइटचा मागचा भाग, स्टेपनीचा रिम, जॅक. बाबा चहा घेऊन कुंडीवर बसून बघत होते, आई म्हणाली आता कुकरवर पण टाक.

मग ईकोचे आरसे. उजवा कंपनीचा आहे. डावा मी दोन वर्षांपूर्वी बदलला होता, एका ऑटोने उडवला म्हणून. ओळखीच्याच्या ओळखीतून मिळाला होता, नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात, बिल वगैरे काही नाही, "जुन्या गाडीचा निघालेला आहे" एवढंच सांगितलं होतं, आणि मी हे ऑफिसात दोनदा मिरवून सांगितलं होतं की बघा, असं घेता आलं पाहिजे. दाराला आहेत ते स्क्रू काढले, आरशाचं डबडं हातात आलं, उलटं केलं. आतल्या प्लास्टिकवर धूळ होती, मी अंगठ्याने पुसली.

तिथे एक नंबर होता. खिळ्याने नाहीतर कंपासच्या टोकाने कोरलेला, एमएच ४० पासून सुरू होणारा, अक्षर वाकडंतिकडं, पण कोणीतरी मनापासून खोल दाबून काढलेलं. शेवटचा आकडा ३ की ८ ते कळत नव्हतं. मी सरकारी ऍपवर दोन्ही टाकून पाहिले. एक मोपेड निघाली. दुसरी ईको, २०१७ ची, नागपूर ग्रामीण, मालकाच्या नावाची मोजकीच अक्षरं दिसतात, बाकी सगळ्या चांदण्या.

चोरीचा माल माहीत असून घेणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याच न्याय संहितेत, कलम ३१७. मला माहीत नव्हतं. पण माहीत करून घ्यायचं पण नव्हतं, नव्याच्या निम्म्याहून कमी म्हटल्यावर.

मी मशीन बंद केली. बाबांनी कप खाली ठेवला, आरसा हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ वाचला.

"हा कोणाचा आहे बे?"

आरसा अजून टीव्हीच्या टेबलावर आहे. ठाण्यात जाऊन काय सांगायचं त्याचा मी दोनदा ड्राफ्ट लिहिलाय, "गहाळ" आणि "चोरी"मधला कोणता शब्द टाकायचा तिथे अडतो. तोपर्यंत बाबा एका आरशावर गाडी चालवून राहिले आहेत, आणि तो नेमका भिंतीच्या बाजूचा.